उत्तरपत्रिकांचा गठ्ठा : अमेरिकी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या निबंधाची कहाणी

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला, तो पुढे अभियंता होणार असो वा वैद्य, पहिल्या वर्षी एक विषय सहसा चुकवता येत नाही. तो विषय म्हणजे लेखन. दर पंधरवड्याला एक निबंध, त्यावर चर्चा, मग पुनर्लेखन. हा वर्ग कोठून आला, याचा शोध घेत मागे गेले की वाट एका प्रवेश परीक्षेपाशी आणि नापासांच्या मोठ्या संख्येपाशी जाऊन थांबते. हा थ्रेड त्या परीक्षेचा, तिच्यातून उभ्या राहिलेल्या वर्गाचा आणि शंभर वर्षांनी तसाच एक गठ्ठा वेगळ्या नजरेने वाचणाऱ्या एका शिक्षिकेचा.

साल १८७४. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावचे हार्वर्ड महाविद्यालय. प्रवेशेच्छू मुलांना त्या वर्षी एक नवी अट घातली गेली : इंग्रजीत एक छोटा निबंध लिहायचा, आणि तो शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व अभिव्यक्ती या चारही अंगांनी निर्दोष असला पाहिजे. विषय आधी जाहीर केलेल्या पुस्तकांतून येणार होता. यादीत शेक्सपियरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफिल्ड’, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी आणि त्याचेच एक दीर्घकाव्य होते.

आज ही अट अगदी साधी वाटेल. तेव्हा ती विलक्षण होती. तोवर महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडण्यासाठी लागत असे ती ग्रीक, लॅटिन आणि गणिताची तयारी. इंग्रजी ही घरची भाषा. ती काय शिकवायची आणि तिची परीक्षा ती काय घ्यायची, असा समज होता.

परीक्षा झाली आणि निम्म्याहून अधिक मुले नापास झाली.

ही मुले कोण होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यांतली बहुसंख्य न्यू इंग्लंडमधील सुस्थित घराण्यांतील, नामांकित पूर्वतयारी शाळांत शिकलेली आणि व्हर्जिल व होमर यांचे परिच्छेद उलगडणारी होती. मजुरांची वा परदेशातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांची मुले तेथवर क्वचितच पोहोचत. अमेरिकेत ‘मुलांना लिहिता येत नाही’ ही ओरड आजतागायत अनेकदा झाली आहे; तिचा पहिला मोठा धक्का मात्र उच्चभ्रूंच्या मुलांनी दिला होता. पुढच्या प्रत्येक ओरडीच्या वेळी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली.

या बदलामागे दोन माणसे होती. चार्ल्स विल्यम एलियट १८६९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. इंग्रजीच्या पद्धतशीर अभ्यासाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा उल्लेख त्यांनी पदग्रहणाच्या भाषणातच केला होता. १८७२ मध्ये त्यांनी लेखन शिकवण्यासाठी जो माणूस आणला तो नामांकित पंडित नव्हता. तो वृत्तपत्रात काम केलेला पत्रकार होता. त्यांचे नाव ॲडम्स शर्मन हिल.

हिल आले तेव्हा ‘बॉयल्स्टन प्राध्यापक’ या मानाच्या पदावर फ्रान्सिस जेम्स चाइल्ड होते. हे पद मुळात वक्तृत्वाचे. १८०६ मध्ये त्यावर पहिली नेमणूक झाली ती जॉन क्विन्सी ॲडम्स यांची, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा महाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण धर्मोपदेशक, वकील किंवा विधिमंडळाचा सदस्य होणार हे जवळजवळ ठरलेले. त्याला उभे राहून बोलता आले पाहिजे, हीच अपेक्षा. नंतर या पदावर आलेल्या एडवर्ड चॅनिंग यांनी १८१९ ते १८५१ अशी बत्तीस वर्षे शिकवले. एमर्सन आणि थोरो त्यांच्या हाताखालून गेले. पुढे मात्र भाषणाची जागा हळूहळू कागदाने घेतली, आणि कागद आला म्हणजे तो तपासणारा आलाच.

चाइल्ड यांना हे तपासणे नकोसे झाले होते. त्यांचा जीव इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकगीतांत रमलेला. १८७६ मध्ये नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बोलावणे धाडले, तेव्हा त्यांना राखण्यासाठी हार्वर्डने निबंध तपासण्याच्या कामातून मुक्त करून इंग्रजीचे प्राध्यापक केले. त्या विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे पहिले प्राध्यापकपद हे असे निबंधांच्या गठ्ठ्यापासून सुटकेचे बक्षीस म्हणून जन्माला आले. साहित्य शिकवणारा वरच्या पायरीवर आणि लेखन शिकवणारा खालच्या, ही उतरंड तेव्हापासूनची आहे आणि ती अजून पुरती मोडलेली नाही.

बॉयल्स्टन पद हिल यांच्याकडे आले. १८७८ मध्ये त्यांनी ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऱ्हेटरिक’ हे पाठ्यपुस्तक लिहिले. लेखनाचा सक्तीचा वर्ग दुसऱ्या वर्षी होता. तो पहिल्या वर्षी आणावा असा आग्रह त्यांनी लावून धरला. १८८५ मध्ये ते घडले. नव्या वर्गाचे नाव होते ‘इंग्लिश ए’. त्याच सुमारास एलियट एकेक सक्तीचा विषय काढून टाकत, विद्यार्थ्यांना हवे ते निवडण्याची मुभा देत होते. शतक संपता संपता ग्रीक गेली, लॅटिन गेली, गणितही ऐच्छिक झाले. पहिल्या वर्षाचे लेखन मात्र सक्तीचेच राहिले. देशभरच्या महाविद्यालयांनी हा नमुना उचलला.

आता प्रश्न असा, की मुलांना लिहायला काय सांगायचे?

जुन्या काळी सद्गुण, कीर्ती, कर्तव्य असे अमूर्त विषय दिले जात. अठरा वर्षांच्या मुलाला कीर्तीविषयी स्वतःचे असे काय सांगायचे असणार? तो पुस्तकांतली वाक्ये उचली आणि मध्ये आपले दोन-चार शब्द पेरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विषय घराजवळ आले : पाहिलेली जागा, ओळखीचा माणूस, सुट्टीतील प्रवास. मराठी शाळांतून ‘माझी सहल’ लिहून मोठे झालेल्यांना हे वळण ओळखीचे वाटेल.

या वळणाला रोजच्या शिस्तीचे रूप दिले हार्वर्डच्याच बॅरेट वेंडेल यांनी. वरच्या वर्गासाठी असलेल्या त्यांच्या ‘इंग्लिश १२’मध्ये ‘दैनिक निबंध’ असे. रोज सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत एक छोटा कागद द्यायचा. त्यात पुस्तकातले काही नको, त्या दिवशी स्वतः जे पाहिले वा मनात आले तेवढेच. रोज लिहायचे म्हणजे रोज काहीतरी पाहायचे, हा यातला डाव. एखादा शेजारी, एखादे दुकान, नदीकाठचा पाऊस. चांगले कागद वर्गात मोठ्याने वाचले जात.

कल्पना सुरेख होती. तिच्या पाठीमागे मात्र कागदांचे डोंगर होते. ‘इंग्लिश ए’ला शेकडो विद्यार्थी आणि तपासणारे मोजके तरुण साहाय्यक. इतक्या कागदांत कोणाच्या विचाराला उत्तर देत बसणे शक्यच नव्हते. जे पटकन दिसते ते आधी खुणावले जाई : चुकलेले अक्षर, निसटलेला स्वल्पविराम. समासात सांकेतिक अक्षरे उमटू लागली. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील एडविन वूली यांनी क्रमांक घातलेल्या नियमांची एक हस्तपुस्तिका काढली. मग तर शिक्षकाने समासात नुसता आकडा टाकला तरी भागे. विद्यार्थ्याने आकडा शोधायचा आणि वाक्य दुरुस्त करायचे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला काही सांगण्यासाठी लिहिलेला मजकूर, पण त्याला मिळणारे उत्तर आकड्यात!

दरम्यान, १८९० च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डच्या पर्यवेक्षक मंडळाने एक समिती नेमली. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स धाकटे, संपादक ई. एल. गॉडकिन आणि जोसाया क्विन्सी हे तिचे सदस्य. तिघेही प्रतिष्ठित, लेखनाचा वर्ग शिकवण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठी नव्हता. १८९२ पासून त्यांचे अहवाल आले. दोष पूर्वतयारी शाळांचा आहे, महाविद्यालयाला प्राथमिक शाळेचे काम करावे लागते आहे, हा त्यांचा सूर. पुरावा म्हणून त्यांनी एक वेगळीच युक्ती योजली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच निबंधाचा विषय दिला : आपल्या शाळेत इंग्रजी लेखन कसे शिकवले गेले, ते लिहा. मुलांनी प्रामाणिकपणे लिहिले. आमच्याकडून फारसे लिहून घेतलेच नाही, सारा वेळ ग्रीक-लॅटिनच्या भाषांतरात गेला, असे सांगणारे कागद त्यांत होते.

समितीने हे कागद दोनदा वापरले. मुले जे सांगत होती ते शाळांविरुद्धची साक्ष म्हणून. आणि ते ज्या चुकांसह सांगत होती, त्या चुका मुलांविरुद्धची साक्ष म्हणून. परीक्षेतील काही सदोष निबंधांच्या तर हुबेहूब छायाप्रती छापल्या गेल्या, हस्ताक्षरासकट, खाडाखोडीसकट. वृत्तपत्रांना चघळायला विषय मिळाला. निबंध लिहिताना ज्या मुलाला वाटले की कोणीतरी आपले ऐकत आहे, त्याच्या पदरी हे आले.

याच वर्षांत, याच आवारात, एका विद्यार्थ्याचा निबंध नापास झाला. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉईस टेनेसीतील फिस्क विद्यापीठातून पदवी घेऊन १८८८ मध्ये हार्वर्डला आले होते. त्यांना थेट वरच्या वर्गात घेतले गेले होते, म्हणजे ते पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नव्हते. पण निबंधांची सक्ती तेव्हा वरच्या वर्गांनाही होती. पहिला निबंध द्यायची वेळ आली त्याच सुमारास अलाबामाचे सिनेटर मॉर्गन यांनी एका मोठ्या मासिकात कृष्णवर्णीयांवर जहरी टीका केली होती. वीस वर्षांच्या ड्यू बॉईस यांनी आपल्या निबंधात सिनेटरांना धारेवर धरले, कसलाही हात राखून न ठेवता. कागद परत आला तो ‘ई’ हा शेरा घेऊन. ‘ई’ म्हणजे अनुत्तीर्ण.

शालेय आयुष्यातील हे त्यांचे पहिले अपयश. त्याविषयी त्यांनी उतारवयात जे लिहिले त्यात कांगावा नाही. परीक्षकांना वर्णप्रश्न कळला नसेल, पण इंग्रजीच्या तांत्रिक बाजूबद्दल त्यांनी अन्याय केला असे आपल्याला वाटले नाही, असे ते सांगतात. आशय शैलीहून मोठा हे खरे. तरी ढिसाळ वाक्यांत अडकलेला आशय दूरवर पोहोचत नाही, हा त्यांनी घेतलेला धडा. ते कामाला लागले, सत्र संपेपर्यंत ‘सी’वर आले, आणि १८९० मध्ये पदवीनंतर त्यांनी आपण होऊन वेंडेल यांचा ‘इंग्लिश १२’ हा वर्ग निवडला. तेथील एका निबंधात त्यांनी लिहिले की जगाला सांगण्यासारखे काहीतरी आपल्यापाशी आहे असा, कदाचित वेडा पण प्रामाणिक, विश्वास आपल्याला वाटतो, आणि ते नीट सांगता यावे म्हणून आपण हा वर्ग घेतला आहे. वेंडेल यांना ते आवडले. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवले. १९०३ मध्ये ड्यू बॉईस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ प्रसिद्ध झाले.

ही गोष्ट पुष्कळदा ‘मेहनतीचे फळ’ म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. त्या पहिल्या निबंधात काय म्हटले होते, याला उत्तर द्यायची सोय त्या पद्धतीत नव्हतीच. मिळाले ते एक अक्षर. ड्यू बॉईस यांच्याकडे पदवी होती, आत्मविश्वास होता, म्हणून ते टिकले. तेच अक्षर घेऊन किती जण मुकाट घरी परतले, त्यांची आत्मचरित्रे कोणी छापलेली नाहीत.

विरोध झाला नाही असे नाही. मिशिगन विद्यापीठात फ्रेड न्यूटन स्कॉट हे, लेखन म्हणजे समाजातल्या खऱ्या माणसांशी केलेला व्यवहार, असे मानून शिकवत होते. विद्यापीठांनी शाळांवर लादलेल्या पुस्तकांच्या याद्यांविरुद्धच्या असंतोषातून १९११ मध्ये शिकागोत इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. स्कॉट तिचे पहिले अध्यक्ष. जानेवारी १९१२ मध्ये निघालेल्या तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच लेखाचे शीर्षक एक प्रश्न होता : आजच्या परिस्थितीत लेखन चांगले शिकवता येईल का? लेखक कॅन्ससचे एडविन हॉपकिन्स. लेखाचा पहिला शब्द : ‘नाही.’ कारण तेच. एका शिक्षकामागे असलेले कागद.

मधली पन्नास-साठ वर्षे पाठ्यपुस्तके बदलत राहिली, गठ्ठा तोच राहिला. मग न्यूयॉर्क.

हार्लेममधील सिटी कॉलेज १८४७ मध्ये स्थापन झाले ते गरिबांच्या मुलांना विनाशुल्क उच्चशिक्षण देण्यासाठी. शुल्क नसले तरी प्रवेशाची गुणरेषा चढत गेली, आणि भोवती कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन वस्ती असताना आतले वर्ग मात्र बहुतांशी गोरे राहिले. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा काही भाग ताब्यात घेतला. विद्यापीठाने निर्णय केला : १९७० पासून शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळेल. त्या शरद ऋतूत पहिल्या वर्षाला सुमारे ३५,००० विद्यार्थी आले. त्यांत आयरिश आणि इटालियन कामगारांची मुलेही मोठ्या संख्येने होती, हे विरोधकांनी फारसे बोलून दाखवले नाही.

या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा कार्यक्रम चालवण्याची जबाबदारी होती मीना शॉनेसी यांच्यावर. त्यांचा जन्म १९२४ चा, साउथ डाकोटातील लीड या खाणगावातला. डॉक्टरेट नव्हती, एका प्रकाशनसंस्थेत काम केलेले, इतर महाविद्यालयांत शिकवलेले. त्यांच्याभोवती जमलेल्या शिक्षकांत एड्रियन रिच, ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन अशा कवयित्री होत्या.

पहिल्या तुकडीचे निबंध हाती आले, तेव्हा वर्गात एकट्याच बसून त्या ते पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. हे असे का झाले आणि आता आपण करायचे काय, हे त्यांना कळेना. कित्येक वाक्ये मध्येच तुटलेली, क्रियापदांची रूपे विस्कटलेली, अक्षर शाळकरी. सहकाऱ्यांपैकी अनेकांचे मत ठरून गेले होते : ही मुले शिकण्यासारखी नाहीत.

शॉनेसी यांनी केले ते एवढेच, की त्यांनी गठ्ठा खाली ठेवला नाही. १९७० ते १९७४ या काळात विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले आणि चुकांची वर्गवारी केली. हार्वर्डच्या समितीने चुका मोजल्या होत्या त्या दाखवण्यासाठी. शॉनेसी यांनी मोजल्या त्या समजून घेण्यासाठी. आणि त्यांना चुकांत एक सुसंगती दिसू लागली.

एक उदाहरण पुरे. इंग्रजीत नामाला ‘एस’ लागला की ते अनेकवचन होते; वर्तमानकाळी क्रियापदाला मात्र ‘एस’ लागतो तो कर्ता एकवचनी असताना. एकच अक्षर, दोन उलटी कामे. ‘एस म्हणजे अनेक’ हा नियम मनाशी पक्का केलेला विद्यार्थी अनेकवचनी कर्त्यापुढच्या क्रियापदालाही ‘एस’ जोडतो. समासात लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ लिहिणाऱ्याला ही चूक दिसते; तिच्यामागचा विचार दिसत नाही. खरे तर हा विद्यार्थी नको तितका काळजीपूर्वक वागत असतो. तसेच, कमी लिहिणारा विद्यार्थी आळशी असतो असे नाही. प्रत्येक शब्द पकडला जाण्याची भीती असेल, तर कमी शब्द लिहिणे हे शहाणपणच ठरते.

१९७७ मध्ये त्यांचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक आले. अध्याय हस्ताक्षर आणि विरामचिन्हांपासून सुरू होतात, वाक्यरचना, शुद्धलेखन, शब्दसंग्रह असे पुढे जातात, आणि शेवटचा अध्याय अपेक्षांवर येतो : विद्यार्थ्यांकडून शिक्षक काय अपेक्षितात, यावर. चुका चालतील असे शॉनेसी यांनी कोठेही म्हटले नाही. चूक वाचकाचे लक्ष फुकट खर्च करवते, म्हणून ती लेखकालाच महाग पडते, ही त्यांची भूमिका. आक्षेप आलेच. या साऱ्यात भर अजून व्याकरणावरच आहे, असे काहींनी लगेच म्हटले. पुढे मिन-झान लू यांनी दाखवून दिले, की भाषा बदलताना विद्यार्थ्याच्या मनात घर आणि विद्यापीठ यांची जी ओढाताण होते ती या पुस्तकात पुरेशी येत नाही. आक्षेप रास्त आहेत. पण ते घेता आले याचे एक कारण असे, की त्या ४,००० कागदांकडे वाचण्याजोगा मजकूर म्हणून आधी कोणीतरी पाहिले होते.

काळ मात्र अनुकूल नव्हता. डिसेंबर १९७५ मध्ये ‘न्यूजवीक’ने मुखपृष्ठावर पुन्हा तीच ओरड छापली : जॉनीला लिहिता का येत नाही? न्यूयॉर्क शहर तेव्हा दिवाळखोरीच्या कड्यावर होते. १९७६ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने शुल्क लागू केले, आणि जवळजवळ १३० वर्षांची विनाशुल्क परंपरा संपली. शिक्षकांना काढून टाकले गेले. शॉनेसी नोव्हेंबर १९७८ मध्ये कर्करोगाने वारल्या, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. १९९८ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूर्वतयारीचे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला.

त्यांची वाचण्याची रीत मात्र दुसऱ्या गावी पोहोचली होती. पिट्सबर्ग विद्यापीठातील डेव्हिड बार्थोलोमी यांनी प्रवेशाच्या वेळचे ५०० निबंध वाचून १९८५ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दिलेला विषय असा होता : आपण सर्जनशील असे काही केले त्या प्रसंगाचे वर्णन करा, आणि त्यावरून सर्जनशीलतेविषयी काही सर्वसाधारण निष्कर्ष काढा. प्रश्नाचा पहिला भाग कोणालाही जमेल. दुसऱ्या भागात मात्र काल शाळेतून आलेल्या मुलाने आज विद्वानासारखे बोलावे, अशी मागणी दडलेली आहे.

एका विद्यार्थ्याने लिहिले ते मातीच्या पृथ्वीविषयी. शाळेत त्याने पृथ्वीची प्रतिकृती केली होती, पण नेहमीची, गाभा आणि कवच दाखवणारी नव्हे. काहीतरी आगळी, तरी सहज समजेल अशी. वाक्ये अवजड, अडखळणारी, नको तेथे भारदस्त. जुन्या रीतीने पाहिले तर समास आकड्यांनी भरून गेला असता. बार्थोलोमी यांनी त्यात दुसरे काही ऐकले : हा मुलगा प्राध्यापकाचा आवाज काढून पाहत होता. ज्या विद्यापीठात त्याने अजून नीट पाऊलही टाकले नव्हते, ते कसे बोलत असेल याचा तो अंदाज बांधत होता, आणि त्या अंदाजाच्या आधारावर पुढचे वाक्य लिहीत होता.